एकाआड एक फेर

९ ऑक्टोबर

धाकट्यास,

तुझा पत्ता लोकरवाल्याकडून मिळवला. त्याने सहजासहजी दिला असं समजू नकोस. "मला तुम्हा भावांच्या मध्ये घेऊ नका," असं पुटपुटत शेवटी पावतीच्या पाठीमागे लिहून दिला. पत्र कामाचं आहे. काम नसतं तर लिहिलं नसतं, हे मी सांगायला नको.

इथल्या संग्रहालयात एक लाकडी पुतळा आला आहे. हातभर उंच, मध्ययुगातला, जंगलाच्या कडेला राहणाऱ्या एका माणसाचा. हातात लांब काठी, टोकाला आकडी. संग्रहालयातल्या बाई सांगत होत्या की त्या काळी मोठमोठी जंगलं राजाच्या शिकारीसाठी राखलेली असत. लोकांना जिवंत झाडाला हात लावायची बंदी. वाळून लोंबणारी फांदी, तीही आकडीने ओढून खाली येईल तेवढीच, सरपणाला न्यायची मुभा. बाई फार छान सांगतात. पण माझं निम्मं लक्ष पुतळ्याच्या टोपीवर होतं.

टोपी अशी कोरली आहे की जुन्या झाडाची सालच डोक्यावर चढवलीय असं वाटावं. खोल खाचा, मध्ये उंचवटे. एका पट्ट्यातले उंचवटे उजवीकडे झुकलेले, वरच्या पट्ट्यातले डावीकडे, परत उजवीकडे, असं थेट शेंड्यापर्यंत. पुतळ्याला कोणी हात लावायचा नाही, म्हणून बाईंना तशीच लोकरीची टोपी शेजारी ठेवायची आहे. लोकांनी निदान तिच्यावरून बोटं फिरवावीत.

मी आधीच स्पष्ट केलं. "त्या काळी क्रोशा नव्हता. तो फार नंतरचा. पाटीवर 'त्या काळची टोपी' लिहिणार असाल तर मला जमणार नाही."

"मग काय लिहू?"

"पुतळ्यावरून सुचलेली."

"लिहिते. अजून काही अट?"

"माझ्या नावापुढे 'हौशी' लिहायचं नाही."

हसल्या. पण त्यांनी ते टिपून घेतलं.

आता अडचण. उजव्या हाताने गोल विणलं की प्रत्येक खांब, प्रत्येक उभा टाका, जरासा उजवीकडे कलतो. सगळे फेर एकाच कलाचे होतात. साल होत नाही, वाऱ्यावर झोपलेलं गवत होतं. काम उलटून विण म्हणशील. विणलं. मग एकाआड एक फेराची पाठ पुढे येते आणि शिडी दिसायला लागते. डाव्या हाताने विणून पाहिलं. त्याबद्दल काही लिहीत नाही.

तर विचारायचं एवढंच: उठावाचा खांब काढताना, म्हणजे खालच्या खांबाला पुढून वळसा घालताना, तुझा अंगठा कुठे असतो? एका ओळीत उत्तर चालेल.

तुझा मोठा भाऊ


२८ ऑक्टोबर

धाकट्यास,

उत्तर आलं नाही. पोस्टाचीही चूक असू शकते.

अंगठ्याचं राहू दे. बाईंनी विचारलं, "गावात दुसरं कोणी डावखुरं नाही का?" मी नाही म्हणालो. आहेत. धोबीणकाकूंची सून डावखुरी आहे, आणि तिचा हात वाईट नाही. पण तिची ओढ वेगळी, माझी वेगळी. एकाच टोपीत दोन ओढी आल्या की टोपी तिरळी दिसते. माझ्या ओढीने विणणारा डावखुरा एकच आहे, कारण त्याला मी शिकवलंय. मला मात्र कोणी शिकवलं नाही. गोदामावर पहारेकरी असताना एका फाटक्या पुस्तकातली चित्रं बघून शिकलो, अर्धी चित्रं उंदरांनी खाल्लेली. तेव्हा "शिकवणं" म्हणजे काय हे माझं मीच ठरवलं. तुला शेजारी बसवलं तर तुझ्या हाताचा गोंधळ व्हायचा, म्हणून समोर स्टुलावर बसवलं. मी उजव्याने करीन ते तू डाव्याने करायचं, आरशात पाहिल्यासारखं. तू माझ्या नाकावर चुना लागलाय म्हणायचास, आणि मी पुसायला हात उचलला की तूही तुझं नाक पुसायचास. गाढवपणा नुसता.

सोबत टोपी पाठवतोय. खालची पट्टी आणि पहिला फेर माझा. शेवटच्या उघड्या फंद्याला सेफ्टी पिन लावली आहे. लोकर तीच वापर, गुंडा सोबत आहे. याच फंद्यातून तुझ्या बाजूने एक फेर घाल आणि परत पाठव. चिठ्ठी लिहायची गरज नाही.

दुकानातून


१७ नोव्हेंबर

धाकट्या,

पार्सल मिळालं. चिठ्ठी नव्हती. तशी मीच गरज नाही म्हटलं होतं. कागद दोनदा झटकून पाहिला तो लोकरीचा कचरा राहिला असेल म्हणून.

तुझा फेर मी खिडकीपाशी नेऊन बघितला. कल अगदी उलटा, माझ्या खांबाच्या डोक्यावरून बरोबर विरुद्ध दिशेला निघालेला. दोन फेरांत खाच पडली आहे, बोट घातलं तर नखाच्या मुळापर्यंत जातं. साल झाली. मी चहा करून प्यालो आणि परत बघितली. झाली आहे.

आता दोष. फार आवळून विणलं आहेस. वरच्या फेरासाठी सुई आत शिरेना, दोन ठिकाणी मला दाभणाचं टोक वापरून घर मोकळं करावं लागलं. राग हातात उतरतो हे तुला मी पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं.

आणि राग कशाचा आहे तेही मला कळतं, मी काही दूधखुळा नाही. तो गिऱ्हाईक तू विणलेली टोपी घालून आरशासमोर उभा होता, बायकोला दाखवत होता, हे सगळं खरं. मी ती त्याच्या डोक्यावरून उतरवून घेतली आणि त्याच्यासमोर उसवली, हेही खरं. पण दुसऱ्या फेरात टाका निसटला होता, धाकट्या. धुतल्यावर तिथून भोक पडलं असतं. तू म्हणालास, "दादा, तो हसत होता रे." मी म्हणालो, चूक ती चूक. तू म्हणालास, "तुला टाके दिसतात, माणसं दिसत नाहीत," आणि सुई ठेवून गेलास. सुई अजून इथेच आहे. डावखुऱ्याच्या हातात राहून तिच्या दांड्यावर अंगठ्याचा खळगा पडलाय, माझ्या हातात ती बसत नाही.

टाका निसटला होता. एवढंच माझं म्हणणं तेव्हाही होतं.

माझा पुढचा फेर घालून टोपी पाठवत आहे. सैल हाताने विण.

दादा


२१ डिसेंबर

डावऱ्या,

हे नाव लिहून गेलं, आता खोडत नाही.

टोपी वर चढते आहे. पोस्टातला माणूस आता मला बघितलं की काट्याकडे हात नेतो. काल म्हणाला, "परत तीच टोपी? कोणाला होत नाहीये का?" मी म्हटलं, "दोन डोक्यांची आहे, वेळ लागणारच." रांगेतल्या बाया हसल्या. बऱ्याच दिवसांनी माझ्या बोलण्यावर कोणी हसलं. बाहेर आल्यावर वाटलं, हे कोणाला तरी सांगायला हवं. मग इथे लिहिलं.

तुझे फेर आता सैलावले आहेत. या खेपेचा तर असा आलाय की कुठे माझी ओढ संपते आणि कुठे तुझी सुरू होते, ते मलाही कलावरूनच ओळखावं लागतं. फेर जोडलेली जागा तू इतकी लपवली आहेस की सापडायला मला चष्मा बदलावा लागला. शाबास म्हणत नाही, डोक्यात जाईल.

दुकान ठीक. हिवाळा असून गिऱ्हाईक कमी. मी आता संध्याकाळी लवकर बंद करतो आणि मागच्या खोलीत एकट्यापुरतं काहीतरी शिजवतो. भांडं मोठंच आहे, सवयीने जास्त होतं, मग तेच दुसऱ्या दिवशी. रविवारी तर सबंध दिवसात माझा आवाज मी ऐकत नाही. परवा शिंक आली तेव्हा दचकलो. टोपी इथे असते तेव्हा बरं असतं, ती समोरच्या स्टुलावर ठेवतो. ती तुझ्याकडे असते तेव्हा स्टुलावर लोकरीचं खोकं असतं. हे वाचून तू हसशील. हस.

बाईंना दाखवली. त्यांनी डोळे मिटून बोटं फिरवली. "दुसरा हात कोणाचा?" विचारलं.

"माझ्या भावाचा."

"इथे असतो?"

"कामानिमित्त बाहेर असतो," म्हणालो. खोटं काही नाही त्यात.

प्रदर्शन फेब्रुवारीच्या शेवटी उघडणार. तोवर शेंडा मिटायला हवा.

दादा


२ फेब्रुवारी

हे काय पाठवलं आहेस?

पार्सल उशिरा आलं, म्हटलं हरकत नाही. उघडलं. माझ्या उजव्या कलाच्या फेरावर परत उजव्याच कलाचा फेर. खाच नाही, काही नाही, दोन पट्टे एकाच बाजूला झोपलेले. आणि खांब कसे, तर एक बुटका, एक उंच, एका ठिकाणी घर सरळ सुटलेलं. जोडाची जागा म्हणजे अक्षरशः गाठ. आत एक लांब केस विणला गेला आहे. ओढून बघितला. निम्मा काळा, निम्मा पांढरा. तुझे केस कधी कॉलरला लागले नाहीत.

हा तुझा हात नाही, हे कळायला मला केसाची गरज नव्हती. उजव्या हाताने विणणारं कोणीतरी. आणि वळसा घालायची पद्धत आपली आहे, ती पुस्तकात नाही, ती मी काढलेली आहे. म्हणजे तू कोणाला तरी समोर बसवून शिकवलं आहेस. तू डाव्याने करायचं आणि तिने उजव्याने. तुझ्यासमोर स्टुलावर माणूस आहे. बरं झालं. छान झालं.

पण माझ्या टोपीवर का? तुझ्या नजरेतून कल सुटणार नाही, सुटलेलं घर तर नाहीच. म्हणजे तू हे बघून पाठवलंस. दादा उसवतो की नाही ते बघायचंय? परीक्षा घेतोस माझी, या वयात?

प्रदर्शन तोंडावर आलं आहे. फंद्याची पिन काढलेली आहे आणि धागा माझ्या बोटात आहे. ओढला की दोन मिनिटांचं काम. हे पत्र पुरं करतो आणि उसवतो.


३ फेब्रुवारी

कालचं पत्र टाकलं नाही, सोबत जोडतो आहे. लिहिलेलं फाडायची मला सवय नाही.

काल धागा ओढण्याआधी लोकर कमी पडेल का ते बघायला गुंडा हातात घेतला आणि वाटलं, लोकरवाल्याकडून जादा आणून ठेवावी. ही सबब होती, तुला लपवत नाही. गेलो.

त्याला म्हटलं, "याच रंगाची अजून एक लड द्या. आणि त्याच्याकडे कोण असतं हो?"

त्याने लड शोधता शोधता थांबून बघितलं. "कोण म्हणजे? बायको."

"कधी झालं?"

"गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात. शिवणकाम करते. चांगली बाई आहे, मोठ्याने बोलते."

"तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"तुम्ही दर खेपेला रंगाचा नंबर विचारता. माणसांचं कधी विचारलंत?"

मी लड घेतली. तोच पुढे म्हणाला, "त्याचा हात कसा आहे आता?"

"कोणता हात?"

"कोणता म्हणजे! डावा. ओल्या जिन्यावरून घसरला, मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर आहे. मी माल द्यायला गेलो होतो तेव्हा दोघं समोरासमोर बसले होते. तो रिकाम्या हवेत उजव्या हाताने कसंबसं दाखवत होता, ती म्हणत होती, 'उलटं दाखवताय की सुलटं, ते एकदा ठरवा.' मी म्हटलं, एवढी काय घाई आहे टोपीची? तर हा म्हणाला, 'फेर चुकला तर चालेल, खंड पडला तर दादा परत पाठवायचा नाही.'"

मी लोकरवाल्याला विचारलं, असंच म्हणाला? तो म्हणाला, "असंच. आता मला मध्ये घेऊ नका."

घरी आलो. टोपी टेबलावर तशीच होती, फंदा उघडा. एवढा वेळ उघडा ठेवलेला फंदा आपोआप निसटायला हवा होता. निसटला नव्हता, आवळून काढला होता तिने. मी पिन लावली.

आज एवढंच.


२४ फेब्रुवारी

डावऱ्या,

प्रदर्शन काल उघडलं. टोपी गेली आहे, पण शेंड्याला भोक असलेली. बाई म्हणाल्या, "हे मिटणार नाही का?" मी म्हटलं, "मिटणार. पाळी माझी नाही." त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, मग विचारलं, "पुतळा गारठणार नाही ना?" मला ही बाई आवडते. मी सांगितलं, उघडायच्या दिवसापुरती ठेवा, नंतर आठ-पंधरा दिवस मला परत लागेल. त्या जागी त्या पाटी ठेवणार आहेत, "विणकाम चालू आहे". शब्द मी तपासले. बरोबर आहेत.

दिवसभर कोपऱ्यात उभा राहून बघितलं. लोक बोटं फिरवत होते. एक म्हातारे गृहस्थ खाचेखाचेतून बोट नेत वर गेले, तिच्या फेरापाशी आले, आणि बोट जरा अडलं. परत खाली नेलं, परत वर. मग पुढे गेले. बाईंना ती जागा अजून दिसलेली नाही. मला दारातून दिसते. रात्री दिवा मालवला तरी दिसेल.

मी त्या पुतळ्यापाशी बराच वेळ होतो. काठी बघितली, जी पहिल्यांदा धड बघितलीच नव्हती. उचलून वर धरलेली आहे, आकडी कशाला तरी लावायच्या बेतात. फांदी कोरलेलीच नाही. माझीही आकडी एवढीच पोचते, डावऱ्या. इथे बसून जेवढं ओढता येईल तेवढं ओढून झालं.

तर आता सांगतो. तिचा फेर उजव्या कलाचा, म्हणजे माझी पाळी तिने घेतली. मी घालायचं काही उरलं नाही, पुढचा फेर डाव्या हाताचाच हवा. तो प्लास्टरमध्ये. पोस्टाने पाठवून उपयोग नाही, तू उजव्याने प्रयत्न करशील आणि मनगट परत बिघडवशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. म्हणून टोपी घेऊन मी येतो आहे. येत्या शुक्रवारची गाडी आहे. तुझी सुईही आणतो आहे, खळग्याची. हात सुटेपर्यंत थांबेन. दुकानाची किल्ली धोबीणकाकूंकडे देतो आहे.

मला वेगळी खोली वगैरे नको. बसायला स्टूल असलं तर बरं. नसलं तर खोकं चालेल.

तिला नीट सांगून ठेव. आमचा दादा म्हणजे फार कडक असं काहीबाही तू सांगितलंच असशील. तिच्या फेरात एक घर सुटलंय, ते मी आतून दोऱ्याने धरून ठेवलं आहे, वरून कळत नाही. तो केस तसाच आहे. आणि दारात मला बघून ती घाबरली तर तू आधी एवढं सांग, की दादा उसवायला आलेला नाही.

दादा